सिंकखाली एमडीएफ नकोच

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतं म्हणून सगळं स्वयंपाकघर त्यातच करावं का, असं एकाने विचारलंय. वरच्या कपाटांच्या दारांना चालेल, पण सिंकखाली अजिबात नको. पाणी मुरलं की ते फुगतं आणि परत बसत नाही. स्क्रूची पकडही जाते. ओट्याखालच्या सांगाड्याला १८ मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय घ्या. शीटवर आयएसआय खुणेसोबत आयएस ७१० हा मानकाचा आकडा बघा. साध्या एमआर, म्हणजे नुसती दमट हवा सोसणाऱ्या प्लायवर आयएस ३०३ असतो, आणि काही दुकानदार दोन्हींना बिनदिक्कत 'वॉटरप्रूफ' म्हणतात! कापलेल्या कडा मात्र सील करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.

सुताराचं म्हणाल तर, मी माल स्वतः आणून फक्त मजुरी ठरवते. दर चौरस फुटावर असेल तर मोजमाप नुसत्या दर्शनी भागाचं की आतल्या कप्प्यांसकट, हे आधी कागदावर लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात. ट्रॉल्या, बिजागऱ्या, हँडल त्यात धरलेत का, तेही. आणि त्याचं नवंकोरं काम बघण्यापेक्षा दोन पावसाळे काढलेलं दाखवायला सांगा. दारं एका रेषेत मिटतात का, कडेची पट्टी सुटलीय का, लगेच कळतं.