पोरांना आधी फ्राइड लिव्हर शिकवू नका (बुद्धिबळाच्या मंचावरची चर्चा, प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सातवी पट्टी
काल एका प्रशिक्षकांची पोस्ट पालकांच्या ग्रुपांवरून फिरत माझ्यापर्यंत आली. मजकूर असा: ‘नवशिक्या मुलांना सगळ्यात आधी फ्राइड लिव्हर शिकवा. दहा-बारा चालींत डाव खिशात, मुलाला जिंकायची गोडी लागते, पालकही खूश.’ खाली अंगठ्यांची रांग. हे वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

फ्राइड लिव्हर म्हणजे एफ७ वर घोडा बळी देऊन काळ्याच्या राजावर केलेला हल्ला. सुरुवात ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६. चौथ्या चालीला पांढऱ्याचा घोडा जी५. एफ७ वर घोडा आणि उंट दोघांचा मारा. काळा डी५ करतो, पांढरा ते प्यादं मारतो, काळा घोड्याने परत मारतो, की लगेच घोडा एफ७ वर बळी, राजा ओढून बाहेर, वजीर एफ३ शह. राजा मागे पळाला तर डाव तिथेच गेला. ई६ वर आला तर पटाच्या मधोमध उघडा. दिसायला झकास. पण हे सगळं समोरचं पोर पाचव्या चालीला चुकलं तरच. त्याने परत मारण्याऐवजी दुसरा घोडा ए५ केला की फ्राइड लिव्हर संपला. त्यानंतर काय, हे त्या पोस्टमध्ये एका शब्दाने नाही.

मी सांगतो काय होतं. उंट बी५ शह, सी६, मारामारी, उंट मागे ई२, काळ्याचं एच६, घोडा मागे एफ३, ई४, घोडा ई५, उंट डी६, पांढऱ्याचं डी४, आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणं), घोडा डी३. इथे थांबा आणि पट बघा. पांढऱ्याच्या बारा चाली झाल्या. त्यातल्या पाच एकाच घोड्याच्या, तीन एकाच उंटाच्या, बाकी चार प्याद्यांच्या. कॅसलिंग (किल्लेकोट) नाही. दुसरा घोडा, दुसरा उंट, दोन्ही हत्ती, वजीर, सगळे जागच्या जागी. कमाई काय, तर एक जास्तीचं प्यादं. मोठे खेळाडू ही पोझिशन सांभाळतात. आठ वर्षांचं पोर नाही सांभाळू शकत, कारण ‘मोहरी बाहेर काढ’ हे अंगात मुरायच्या आधी त्याला ‘एफ७ वर मार’ शिकवलंय.

आणि सवय लागते ती फार वाईट. आपली चाल करायची आणि समोरचा चुकतोय का याची वाट बघत मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहायचं. स्पर्धेत अशी मुलं लांबूनही ओळखू येतात.

तालुक्याचा उंट
ती पोस्ट माझी नाही, पण मी लिहिली असती. तुम्ही शहरात शिकवत असाल. माझ्याकडे पोरं मे महिन्याच्या शिबिराला येतात, समोर कबड्डीचं मैदान आहे आणि क्रिकेट तर आहेच. पहिल्या आठवड्यात एक तरी डाव जिंकला नाही तर पोरगं परत येत नाही. त्याला मी ‘घोडा सी३, उंट ई३, धीर धर’ सांगत बसू? एफ७ वर घोडा देऊन राजा बाहेर खेचला, तेव्हा आमच्याकडच्या एका मुलीचा चेहरा असा उजळला की ती आज जिल्ह्याच्या संघात आहे.

दुसरं, घोडा जी५ म्हणजे फसवाफसवी, हा सूर मला मान्य नाही. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, कोशात सी५७, सी५८, सी५९ असे तीन-तीन कोड या एका चालीला दिलेत, ते उगाच नाही. पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरने १९६३ मध्ये अमेरिकेच्याच बिसग्वायरविरुद्ध हीच लाइन खेळली. जुने जर्मन गुरू टॅराश यांनी या चालीला अनाड्याची चाल म्हटलं होतं, पण टॅराशचं सगळं ऐकायचं तर निम्मी ओपनिंग कपाटात बंद करावी लागतील.

सातवी पट्टी
फिशरचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. त्याने त्या डावात नवव्या चालीला घोडा एफ३ वर न नेता एच३ वर नेला. ती कल्पना पहिला जगज्जेता स्टाइनिट्झची, आणि स्टाइनिट्झ त्याच चालीने रशियाच्या चिगोरिनविरुद्धचा तारेने (टेलिग्राफवरून) खेळलेला डाव हरला होता. एच३ वरचा घोडा कशासाठी, हे तुमच्या शिबिरातल्या किती मुलांना सांगता येईल? चाल चुकीची आहे असं मी म्हणतच नाहीये. चाल पक्की आहे. ती पहिल्या आठवड्यात शिकवणं चूक आहे.

अंडर नाईनची आई
माझ्या मुलावर हेच झालं, म्हणून लिहिते. पहिलीच रेटेड स्पर्धा, दुसरी फेरी, काळी मोहरी. पाच मिनिटांत बाहेर आला. स्कोअरशीटवर जेमतेम दहा ओळी, शेवटच्या तीन तर वाचताच येत नव्हत्या, हात थरथरत होता त्याचा. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आम्ही पांढऱ्याकडून शिकवलंय, काळ्याकडून पुढच्या लेव्हलला असतं.’ पुढची लेव्हल म्हणजे पुढची फी. एकच पट, एकच पोझिशन, आणि अर्धी बाजू पैसे भरल्यावर! मला सी५७ वगैरे कळत नाही. पण जो मारा शिकवता त्याचा बचाव त्याच दिवशी शिकवायला काय जातं?

कोरं घड्याळ
ताई, मूळ दुखणं तुम्ही नेमकं धरलंत. मी आर्बिटर (पंच) म्हणून हॉलमध्ये उभा असतो. फेरी सुरू झाल्यावर पालकांना बाहेर काढायला जेवढा घसा बसतो तेवढा सबंध दिवसात बसत नाही. काचेला नाक लावून उभे राहतात. पोर बाहेर आलं की पहिला प्रश्न ‘किती झाले?’ डाव कसा झाला, हे कुणी विचारत नाही. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्यापासून तर प्रत्येकाला दोन वर्षांत ग्रँडमास्टर हवा आहे. त्यात मार्च २०२४ पासून फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, किमान रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचे गुण) १४०० केलंय. आता रेटिंग लागलं की थेट १४०० किंवा वर, आणि पोरांचा के फॅक्टर (रेटिंग किती झपाट्याने बदलतं ते ठरवणारा आकडा) ४०. एका स्पर्धेत पन्नास-साठ गुण वर-खाली होतात. अशा वेळी प्रशिक्षक झटपट जिंकायची लाइन देणारच. दोष घोडा जी५ चा नाही, बाहेर उभ्या असलेल्यांचा आहे.

अंडर नाईनची आई
मी काचेला नाक लावत नाही. आणि बाहेर बसायला खुर्च्या नसतात, पंखा नसतो, सात-सात तास. त्यावरही बोला कधी.

सांगलीकर आजोबा
तुमची सगळी चर्चा वाचली. आम्ही ज्या गावात वाढलो त्याला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे पिढ्यान् पिढ्या खेळवल्या. आमच्या घरात वडील देशी डाव खेळत. त्यात प्यादं पहिल्या चालीला एकच घर सरकायचं, किल्लेकोट नव्हता, आणि राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी घेता यायची. प्यादं ज्या पट्टीवर शेवटी पोचेल त्या पट्टीचा मोहरा व्हायचा, उठसूट वजीर नाही. प्यादेमात केली तर ओसरीवरची सगळी माणसं उठून उभी राहत. त्या खेळात कुठला फ्राइड लिव्हर आणि कुठलं काय. मीर सुलतान खान हा आपल्याकडचा जुना खेळाडू याच डावातून तयार झाला. १९२९ मध्ये विलायतेला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं. ओपनिंगची पुस्तकं न वाचता. मुलांना डावाचा शेवट (एंडगेम) शिकवा, ओपनिंग आपोआप येतात.

नऊ घरं
आजोबा, मान राखून सांगतो, सुलतान खानचा दाखला तुमच्याच विरोधात जातो. तो इंग्लंडला पोचल्यावर त्याच्यासाठी सरावाची स्पर्धा घेतली होती, त्यात तो तळाला होता. मग विंटर आणि येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्याच्याबरोबर बसून तयारी करून घेतली आणि त्या उन्हाळ्यात तो जिंकला. ओपनिंग कच्ची असल्याची किंमत त्याने डावामागून डाव मोजली. सुरुवातीला वाईट पोझिशन घ्यायची आणि मधल्या डावात अफाट ताकदीने ओढून काढायची, हे त्याला जमलं कारण तो सुलतान खान होता. ते माझ्या पुतण्याला कसं जमणार?

सांगलीकर आजोबा
म्हणजे मूळ ताकद देशी डावाची होती, हे तुम्हीच कबूल केलंत. देशी डाव सावकाश उघडतो. मोहरी समोरासमोर यायला वेळ लागतो, म्हणून पोराला प्याद्यांची रांग कशी रचायची, मोहरा कुठे बसवायचा, याचा विचार करावाच लागतो. आज पाचव्या चालीला मारामारी. मी नातवाला रविवारी देशी नियमांनी खेळवतो. पहिल्यांदा रडला, आता स्वतःहून पट मांडतो. आणि त्याचा डावाचा शेवट त्याच्या वर्गातल्या क्लासवाल्या मुलांपेक्षा बरा आहे, हे त्याच्या प्रशिक्षकानेच मला सांगितलं.

तालुक्याचा उंट
आजोबा, रविवारी देशी खेळवून सोमवारी तो पोरगा फिडेच्या नियमांच्या स्पर्धेत प्यादं एकेक घर ढकलत बसला तर काय करायचं? जुनं ते सोनं म्हणून गळ्यात बांधू नका. सुलतान खानला २०२४ मध्ये फिडेने मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं ते आंतरराष्ट्रीय नियमांतल्या डावांसाठी.

सांगलीकर आजोबा
गळ्यात बांधलेलं नाही. हातात दिलंय. फरक समजत नसेल तर तुम्ही मुलांना शिकवता कशाला?

तालुक्याचा उंट
माझ्या शिबिराला यायला शंभर किलोमीटरच्या आत दुसरा कुणी तयार नाही, म्हणून मी शिकवतो. फुकट शिकवतो. हे बोलणं मी विसरणार नाही.

नऊ घरं
दोघंही थांबा. उंटसाहेब जे करतात ते सोपं नाही, आणि आजोबांच्या म्हणण्यातला शेवट आधी शिकवायचा भाग मलाही पटतो. पण म्हणून ओपनिंग आपोआप येतं हे नाही पटत. कुणालाच आलेलं मी पाहिलेलं नाही.

पाद्र्याचा हत्ती
एवढ्या प्रतिसादांत ट्रॅक्सलर, म्हणजे काळ्याचा उलटा हल्ला, कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. घोडा जी५ ला डी५ करायचंच कशाला? उंट सी५! एफ७ खा म्हणावं. घोड्याने खाल्लं की उंट एफ२ शह, राजाने मारला तर घोडा ई४ शह, आणि आता पळायची पाळी पांढऱ्याची. कारेल ट्रॅक्सलर नावाच्या चेक पाद्र्याने १८९० मध्ये हे खेळून दाखवलंय. माझ्या क्लबात घोडा जी५ वाल्यांचे चेहरे इथे पडतात, कारण त्यांनी पाठ केलेलं सगळं एका चालीत निरुपयोगी होतं.

सातवी पट्टी
आणि पांढऱ्याने घोड्याऐवजी उंटाने एफ७ वर शह देऊन प्यादं खाल्लं, राजा ई७ ला आला आणि उंट शांतपणे बी३ ला परत गेला, की काळ्याचं कॅसलिंग गेलं, प्यादं गेलं, आणि हल्ला कुठे आहे ते शोधत बसायचं. एका सापळ्यावर उतारा म्हणून दुसरा सापळा. मी धागा याच्याविरुद्ध काढला होता.

उंटसाहेब, तुमच्या शिबिराबद्दल: पहिल्या आठवड्यात पोराला परत यायचं कारण हवं, हे मान्य. नाइलाजाने मान्य. पण मग आईंनी मागितलंय तेवढं तरी करा. ज्या दिवशी घोडा एफ७ दाखवाल, त्याच दिवशी पट फिरवा आणि घोडा ए५ दाखवा. आणि ती बाराव्या चालीची पोझिशन मांडून पांढऱ्याकडून पुढे खेळायला लावा. हरू देत.

तालुक्याचा उंट
पट फिरवतो मी. आधीपासून फिरवतो. तुम्ही विचारलं नाहीत, थेट शिकवायला निघालात. बाराव्या चालीची पोझिशन मात्र मांडून बघेन. पण फ्राइड लिव्हर पहिल्या आठवड्यातच राहील.

अंडर नाईनची आई
कुणीतरी सरळ सांगेल का? मुलाला घोडा ए५ दाखवला. उंट बी५ शह, सी६, मारलं, परत मारलं. इथे उंट मागे न जाता समोरच्याने वजीर एफ३ केला. माझ्या मुलाने प्याद्याने उंट खाल्ला आणि वजिराने कोपऱ्यातला हत्ती खाल्ला. तिथे काय करायचं होतं?

नऊ घरं
हत्ती बी८. हत्ती वजिराच्या तिरक्या माऱ्यातून सुटला आणि आता उंट खरोखरच धोक्यात आहे. समोरच्याने उंटाने सी६ खाऊन शह दिला तर घोड्याने मारायचं, वजिराने मारून पुन्हा शह दिला तर एफ६ चा घोडा डी७ वर आणायचा. दोन प्यादी कमी होतील, त्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. पण पांढऱ्याचा वजीर एकटा भटकतोय. पुढे हत्ती बी६ ला आणून त्याला हाकलायचं, मोहरी बाहेर येत जातात. आज रात्री दोन्ही बाजूंनी मांडून बघा, आधी तुम्ही पांढरी घ्या.