मदत हवी आहे: लिनक्स टाकल्यावर वायफाय दिसत नाही

विंडोजच्या शेजारीच लिनक्स टाकलं. बाकी सगळं छान चालतंय, फक्त वायफाय गायब आहे. एलएसपीसीआय कमांडमध्ये (ही जोडलेलं हार्डवेअर दाखवते) वायफाय कार्ड दिसतं, आरएफकिलमध्येही (वायरलेस बंद केलंय का ते दाखवणारी कमांड) काही ब्लॉक नाही. मोबाईल यूएसबीला जोडून, त्याचं इंटरनेट वापरून ड्रायव्हर टाकला. तेव्हा एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता. रीस्टार्ट करताना निळा स्क्रीन (तोच पासवर्ड टाकून ड्रायव्हरची की, म्हणजे डिजिटल सही तपासायची किल्ली, मंजूर करायचा) आला, पण मला कळेपर्यंत निघूनही गेला! आता मॉडप्रोब (ड्रायव्हर लोड करायची कमांड) केलं की ‘की रिजेक्टेड’ असा एरर येतो, म्हणजे सिक्युअर बूटच (मंजूर सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा सेटिंग) ड्रायव्हर अडवतंय असं वाटतं.

सिक्युअर बूट बंद करायचं नाहीये, कारण विंडोजची ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजचं एन्क्रिप्शन) लॉक आहे, ते बंद केलं तर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं आणि ती हाताशी नाही. तो निळा स्क्रीन परत कसा आणायचा? मोकयुटिलने (सिक्युअर बूटसाठी अशा की नोंदवायची कमांड) ड्रायव्हरची की पुन्हा इंपोर्ट केली तर चालेल का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, दोन दिवस अडकलोय.