प्रतिकिलो दर आणि तेलाचे माप

दुकानाच्या संकेतस्थळावर पाकिटाच्या किमतीखाली प्रतिकिलो दर दाखवणे गरजेचे आहे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर प्रतिग्रॅम, तर त्याहून अधिक वजनाच्या पाकिटावर प्रतिकिलो एकक विक्री किंमत (म्हणजे एका ग्रॅमची किंवा किलोची किंमत) छापली जाते. मात्र, 250 ग्रॅम काजूगरांवर 1.24 रुपये प्रतिग्रॅम आणि 2 किलोच्या पिशवीवर 1,200 रुपये प्रतिकिलो असे लिहिलेले असेल, तर म्हापशाच्या बाजारात पिशव्या हातात घेऊन निवड करणाऱ्या ग्राहकालाही मनात गुणाकार करावा लागतो. संकेतस्थळावर हे गणित दुकानानेच करावे आणि छापील दराबरोबर सर्व पाकिटांसाठी प्रतिकिलो हे एकच परिमाण वापरावे, असे मला मनापासून वाटते.

खोबरेल तेलाच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. एखादा उत्पादक मिलिलिटरमध्ये माप देतो, तर दुसरा ग्रॅममध्ये. तेल पाण्याहून हलके असल्याने 500 मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे 460 ग्रॅमच भरते, त्यामुळे दोन्ही दर शेजारी ठेवले तरी तुलना चुकते. अशा वेळी दोन्ही मापे द्यावीत. नारळाचा दर अर्थातच प्रतिनग असावा, सोबत आकार नमूद करावा. चतुर्थीच्या सवलतीत किंमत उतरली की एकक दरही त्याच क्षणी बदलला पाहिजे. जुना दर तसाच राहिला तर ती ग्राहकाची दिशाभूल ठरते.