अर्जातला तो एक रकाना : नाशिकच्या पालकांचे अनुभव

दिवाळी सरली की कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, जिकडे बघावं तिकडे नर्सरी प्रवेशाचे फलक लागतात. माझा लेक साडेतीन वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. गेल्या वर्षी मी तीन शाळांचे अर्ज भरले. तिन्हींत एक रकाना होता : 'पाल्यास काही आजार अथवा विशेष समस्या असल्यास नमूद करावे.' दोन ओळींची जागा. त्या दोन ओळींपुढे मी पेन धरून किती वेळ बसले, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

पहिल्या शाळेत रकाना कोरा सोडला. वाटलं, आधी पोराला बघू तर देत. भेटीच्या दिवशी नेमकी मधल्या सुट्टीची घंटा झाली. त्याने कान गच्च दाबले आणि टेबलाखाली जाऊन बसला. मॅडमनी फाइल मिटली. "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही." मला भांडताही आलं नाही, कारण लपवलं तर मीच होतं.

दुसऱ्या शाळेत उलट केलं. मानसोपचारतज्ज्ञांचा चार पानी अहवाल अर्जाला टाचून दिला. तिथून फोन आलाच नाही.

तिसऱ्या वेळी ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं, हालचाली शिकवणाऱ्या) ताईंनी सुचवलं, अहवाल मागितला तर द्या, आधी एक पान स्वतः लिहा. मी मराठीत लिहिलं. त्याला काय आवडतं (मालगाडीचे डबे मोजणं). काय सहन होत नाही (मिक्सर, टाळ्या, घंटा). शू लागली की तो बोलत नाही, पँटची नाडी ओढतो. बिथरला तर उचलून घेऊ नका, शेजारी शांत बसा. मुख्याध्यापिकांनी ते पान तिथेच वाचलं आणि विचारलं, "आमची घंटा पितळेची आहे, जोरात वाजते. आधी त्यालाच वाजवू दिली तर चालेल का?"

मी ही शाळा घेतली ती त्या प्रश्नासाठी. पहिला महिना रोज एकच तास. मी बाहेर पायरीवर बसायचे. अजूनही काही दिवस वाईट जातात, पण घंटेला तो आता फक्त एक कान झाकतो.

यंदा जे अर्ज भरणार आहेत त्यांच्यासाठी हे मांडते आहे. तुम्हीही लिहा. रकान्यात काय लिहिलंत, आणि शाळेने सगळ्यात आधी काय विचारलं? शाळांची नावं नकोत.

*

नाशिकरोड, मुलीचा बाबा

आमच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. चौदाव्या महिन्यात बेरा ही ऐकण्याची तपासणी झाली, नंतर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र; त्याचं मशीन कानामागे बाहेर असतं. शाळेचा पहिला प्रश्न : "मशीन हरवलं तर जबाबदारी कुणाची?" राग आला होता. पण त्यांनाही त्याची किंमत ऐकून धडकी भरली असणार. आमची जबाबदारी, असं लिहून दिलं.

खरं बोलायचं राहिलं होतं वर्गाबद्दल. मशीन लावलं म्हणजे मूल आपल्यासारखं ऐकतं, असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाही. पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस, हे सगळं बाईंच्या आवाजात मिसळतं. म्हणून तीन गोष्टी मागितल्या : पंख्यापासून लांब अशी पुढची जागा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि प्लास्टिकच्या घसरगुंडीवर जाताना कानामागचं मशीन काढून डब्यात ठेवा. घसरताना स्थिर वीज तयार होते, तिने मशीनमधलं सेटिंग बिघडू शकतं. ही शेवटची गोष्ट बाईंना इतकी पटली की त्यांनी घसरगुंडीशेजारी खिळ्याला डबाच टांगला.

*

पंचवटी, आजी

सूनबाई अंबडला कंपनीत जाते, म्हणून नातवाचं मी बघते. डाउन सिंड्रोम आहे. तीन ठिकाणी नाही म्हणाले. एकीकडे तर बाकीच्या पालकांना आवडणार नाही, असं तोंडावर सांगितलं. घरी येऊन देवापुढे बसून रडले.

मग गल्लीतल्या अंगणवाडीत गेले. तिथे रकाना नाही की काही नाही. ताईंनी विचारलं, "खिचडी खातो का?" जीभ जरा बाहेर असते, चावायला वेळ लागतो, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मऊ करू." अंगणवाडीत पोरं तपासायला डॉक्टरांचं पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. त्यांनीच चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवलं. थायरॉइड तपासला, हृदय तपासलं. मानेचे सांधे सैल असू शकतात, कोलांटउड्या मारू देऊ नका, हे तिथेच कळलं. तेवढं एक ताईंना बजावून ठेवलं आहे.

आमच्या पिढीला नाशिकमध्ये हा विषय कळला तो रजनीताई लिमयांमुळे. स्वतःच्या मुलासाठी धडपडताना त्यांनी १९७७ साली प्रबोधिनी, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा, उभी केली. पुढे गरज पडली तर तसल्या शाळेत आनंदाने पाठवू. पण तीन वर्षांच्या पोराला आधी गल्लीतली पोरं ओळखू देत, आणि पोरांना तो.

*

इंदिरानगर, शिशुवर्गाची शिक्षिका

दुसरी बाजू लिहिते. वर्गात बत्तीस मुलं, मी आणि एक मावशी. आमच्या प्रशिक्षणात या मुलांबद्दल फार तर एखादा धडा होता. नकाराच्या मागे पुष्कळदा भीतीच असते. झेपलं नाही तर, मूल फाटकाबाहेर पळालं तर.

पण लपवू नका, अशी हात जोडून विनंती. एका मुलाला मी दोन महिने 'हट्टी' समजत होते. हाक मारली तरी वळायचा नाही, मी आवाज चढवायचे. नंतर आईने सांगितलं की निदान आधीच झालेलं होतं. ते दोन महिने मला परत करता येत नाहीत. आजही तो रस्त्यात दिसला की मान खाली जाते.

शॅडो टीचरबद्दलही, म्हणजे वर्गात फक्त त्या मुलासोबत राहणाऱ्या मदतनीस शिक्षिकेबद्दल, अर्ज भरतानाच बोला. ती कोण आणणार, पैसे कोण देणार, ती आली नाही त्या दिवशी मुलाला घरी ठेवायचं का? हे जूनमध्ये निघालं की कटुता येते, आणि खर्च बहुतेक वेळा पालकांच्याच गळ्यात पडतो.

*

सातपूर, वडील

खिडकीवरच नाही म्हणाले. मी म्हटलं, नकार लेखी द्या. कारकून आत गेला, मुख्याध्यापक बाहेर आले, वीस मिनिटं बोलले. मुलाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. प्रवेश नाहीच दिला.

त्यानंतर कायदा वाचून काढला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ : शासनमान्य किंवा अनुदानित शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. पण मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयाचा आहे, आणि गल्लोगल्लीच्या प्लेग्रुपना बहुधा शासनाची मान्यताच नसते. म्हणून अर्जाआधी मान्यता विचारा. दिव्यांग मूल आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत वंचित गटात मोजलं जातं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मात्र ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो, तेव्हा आत्ताच यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या प्रमाणपत्राचा आणि ओळखपत्राचा) ऑनलाइन अर्ज टाका. लहान मुलांना बहुतेक तात्पुरतं मिळतं, मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

*

सिन्नर फाटा, आई

मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी. नर्सरी वरच्या मजल्यावर होती. आम्ही एवढंच मागितलं की वर्ग खाली आणा. त्यांनी खालची सामानाची खोली रिकामी केली. थेरपिस्टनी मापं दिली, आमच्या ओळखीच्या सुताराने पाठ कोपऱ्यासारखी असलेली खुर्ची केली, पुढे पाट लावून. बाकी काही लागलं नाही.

*

ओझर, आई

सगळं वाचलं. मुलगी तीन वर्षांची आहे, अजून बोलत नाही, तपासण्या चालू आहेत, नाव काहीच मिळालेलं नाही. शुक्रवारी अर्जाची शेवटची तारीख. रकान्यात काय लिहू?

गंगापूर रोड, सुरुवातीला लिहिणारी आई

आजाराचं नाव नसलं तरी चालेल. 'बोलणं उशिरा, तपासण्या सुरू, सोबतचे पान पाहावे' एवढं लिहा आणि पान जोडा. पाणी हवं असलं की ती काय करते, तिथून सुरुवात करा. अर्ज द्यायला तिला घेऊनच जा, पण शाळा सुटल्यावर, गर्दी ओसरल्यावर. जिना, संडास, फाटकाची कडी बघून या. आणि तिथे तुम्हाला पहिलं काय विचारतात, ते इथे नक्की लिहा. शुक्रवारी संध्याकाळी मी वाट बघते.