कासुरीच्या लडीचं काय करावं?

कासुरीची, म्हणजे विणण्याआधी बांधून रंगवलेल्या सुताची, निळ्यावर पांढरे तुकडे असलेली जुनी जपानी लडी मिळाली, क्रोशे करू की भरतकाम, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर क्रोशे नको. एकेका टाक्यात इतका दोरा जातो की पांढरे तुकडे कुठेतरी आत दडून बसतात. साधा धावदोरा घाला, तोही जरा लांब टाक्यांचा. एक टाका निळा, पुढचा अर्धा पांढरा, मग परत निळा, असं आपोआप होत जातं. मुद्दाम जुळवायला जाऊ नका, मजा जाते.

तो पांढरा भाग म्हणजे रंगवण्याआधी आवळून बांधलेली जागा. आपल्याकडच्या पाटणच्या पटोळ्याचंही तंत्र हेच, आधी सूत बांधून रंगवायचं, मग विणायचं. जपानमधल्या कुरुमे शहराच्या कासुरीचं श्रेय इनोउए देन (जन्म १७८८) हिला देतात. लहानपणी विटलेल्या कापडावरचे पांढरे ठिपके पाहून तिने ते कापड चक्क उसवलं म्हणे! उसवाउसवीवरून बोलणी खाल्लेल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक मात्र करा. आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दोरा घासून बघा. नीळ धाग्याच्या वरच्या थरातच बसलेली असते, घासली की सुटते. मी न बघता पांढऱ्या खादीवर सुरुवात केली आणि बोटांचे निळे ठसे कापडभर! आणि वीतभर दोरा ताणून बघा. पटकन तुटला तर शिवायला घेऊ नका, मागावर आडवा भरा.