बंदुकीची कंपनी हाती आली, तर सर्वप्रथम काय बदलाल?

दहामीटर_नागपूर

नमस्कार मंडळी. आपल्यात नेमबाजी करणारे, परवान्याची बंदूक बाळगणारे आणि शस्त्रनिर्मितीत नोकरी केलेले असे सगळेच सदस्य आहेत, म्हणून हा प्रश्न इथे मांडतो. बंदुका किंवा एअर पिस्तुले बनवणारी एखादी कंपनी उद्या तुमच्या हाती सोपवली, तर पहिला बदल कोणता कराल?

मी विचारतो आहे ते नव्या मॉडेलबद्दल नाही. २०१४ साली कानपूरच्या आयुध कारखान्याने 'निर्भीक' हे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्वर आणले, २०२३ मध्ये 'प्रबल' हे रिव्हॉल्वर आले, आणि दोन्ही वेळा चर्चा वजनाची, पल्ल्याची आणि किमतीची झाली. चाप कसा सुटतो, सुटे भाग कुठे मिळतात आणि दुरुस्ती कोण करतो, हे कुणी फारसे विचारले नाही.

माझे स्वतःचे उत्तर सुटे भाग हेच आहे. माझ्या परदेशी एअर पिस्तुलातून हवा गळू लागली, तेव्हा दोष एका लहानशा रबरी ओ-रिंगमध्ये आहे हे लगेच कळले. परंतु ती मिळवण्यासाठी विक्रेत्याच्या मागे लागण्यात सरावाचा अख्खा हंगाम गेला. ज्या नागपूरच्या हिंगणा आणि बुटीबोरी औद्योगिक वसाहतींत इतके बारीक यंत्रकाम होते, तिथे ओ-रिंग आणि स्प्रिंगांचा संच तयार होऊ नये, हे मला पटत नाही. माझ्या कंपनीत प्रत्येक पिस्तुलासोबत असा संच डबीतच मिळेल, आणि मॉडेल बंद झाले तरी त्याचे भाग पुढे अनेक वर्षे मिळत राहतील अशी लेखी हमी असेल.

निवृत्त_तपासनीस

आपला प्रश्न योग्य आहे. संरक्षण उत्पादनाच्या गुणवत्ता तपासणीत माझी नोकरी झाली, त्यामुळे मी चापापासूनच सुरुवात करीन.

स्पर्धेच्या दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाने किमान ५०० ग्रॅम भार पेलला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तपासणीच्या वेळी नळी उभी धरतात, चापाला ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि पिस्तूल हळूहळू वर उचलतात. वजन जमिनीवरून सुटण्याआधीच चाप सुटला, तर ते पिस्तूल स्पर्धेबाहेर जाते. अशी साधी, कुणालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल अशी चाचणी स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्वरची होऊन तिचा आकडा त्या हत्याराच्या क्रमांकासह खरेदीदाराच्या हाती पडत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. मी प्रत्येक नगासोबत दोन कागद देईन. एकावर त्या नगाच्या चापाचे मोजलेले वजन असेल, आणि दुसरा त्याच नळीतून झाडलेल्या गोळ्या किती जवळजवळ पडतात ते दाखवणारा नमुना-कागद असेल. युरोपातील स्पर्धा-रायफली बनवणाऱ्या कंपन्या असा कागद देतातच.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि त्यावर मी तडजोड करणार नाही. जुन्या धाटणीच्या अनेक रिव्हॉल्वरांमध्ये घोडा (काडतुसावर आदळणारा हातोडीसारखा भाग) थेट काडतुसाच्या मागे टेकलेला असतो. हत्यार हातातून निसटून घोड्यावर आदळले, तर गोळी सुटू शकते, म्हणून जुने लोक घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवत. घोडा आणि फायरिंग पिन (काडतुसावर टोचणारी कळ) यांच्यामध्ये एक पट्टी ठेवली आणि ती चाप पूर्ण ओढल्यावरच वर येईल अशी व्यवस्था केली, की हा धोका टळतो. अमेरिकेतील रूगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल-ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्वरांत अशी पट्टी आणली आणि पुढे जुन्या ग्राहकांनाही ती विनामूल्य बसवून देण्यास सुरुवात केली. आपल्याच जुन्या मालातील उणीव स्वतःच्या खर्चाने दूर करणारी कंपनी मला आदर्श वाटते. उलट उदाहरणही त्याच देशातले आहे. रेमिंग्टनच्या ७०० या रायफलीच्या जुन्या चापाविषयी अनेक वर्षे तक्रारी होत राहिल्या आणि चाप बदलून देण्याची योजना आली ती न्यायालयीन तडजोडीतून.

नेमबाजाची_आई

काका, आपण तांत्रिक बाजू छान मांडली आहे. मी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छिते. माझी मुलगी डावखुरी आहे आणि तिचा हात लहान आहे. एअर पिस्तुलाच्या लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या आणि डाव्या-उजव्या अशा मिळतात खऱ्या, पण इथे दुकानात चौकशी केली की उजवी मध्यम मूठ तेवढी समोर येते आणि डावी लहान मूठ मागवावी लागते. ती येईपर्यंत मुलीने उजवी मूठच कशीबशी वापरली. नंतर डावी आली तीही मोठ्या मापाची, म्हणून आम्ही वुड पुटी भरली आणि रात्री जेवणानंतर पॉलिश पेपरने थोडे थोडे घासत, ती दर वेळी हात ठेवून 'इथे टोचतंय' म्हणेल तिथे पुन्हा घासत, ती मूठ तिच्या तळव्याला बसवली. हे काम आईबापांनी करावे असे नाही. माझ्या कंपनीत तळव्याचे माप घेऊन मूठ कोरून मिळेल आणि डाव्या हातासाठी वेगळे पैसे पडणार नाहीत.

सुट्या भागांबद्दलचे मत मलाही पूर्ण मान्य आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मधोमध बिघाड झाला, दुरुस्तीत बहुमोल वेळ गेला, आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली. पुढे पॅरिसला तिने दोन कांस्यपदके मिळवली, परंतु पहिल्या वेळचा तो खेळ तिच्या हातून नव्हे, यंत्रामुळे बिघडला होता.

सावनेर_शेती

माझी बारा बोअरची दुनळी पिकांच्या राखणीसाठी आहे. आमच्याकडे रोही (नीलगायी) आणि रानडुकरे कपाशी आणि संत्र्याच्या बागेत शिरतात. त्यांना हुसकावण्यापलीकडे माझा उपयोग नाही, कारण मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते. मला स्पर्धेचा हलका चाप नको, पाऊस सहन करणारी नळी हवी. जून ते सप्टेंबर शेतातल्या ओलसर घरात बंदूक ठेवली, की आतून-बाहेरून तेल लावूनही गंजाचे ठिपके दिसू लागतात आणि लाकडी दस्ता फुगतो.

आणखी एक विनंती आहे. बहुतेक दुनळींचा सुरक्षा-खटका फक्त चाप अडवतो, आतला घोडा अडवत नाही, त्यामुळे खटका लावलेला असतानाही बंदूक आपटली तर भरवसा नसतो. हे मला एका जुन्या बंदूक-दुरुस्ती कारागिराने उघडून दाखवले, तोपर्यंत मी खटका म्हणजे पूर्ण सुरक्षितता असेच समजत होतो. माहितीपुस्तिकेत ही गोष्ट मराठीत, पहिल्याच पानावर लिहिलेली असावी.

निवृत्त_तपासनीस

सावनेरच्या दादांनी नेमकी बाब सांगितली. महागड्या दुनळींत आतला घोडा अडवणारी दुसरी पकडही असते. ती स्वस्त बंदुकीत बसवली तर किंमत वाढेल, पण ती वाढ मी करीन आणि नळीवरील नक्षीकाम काढून टाकीन.

पुस्तिकेत आणखी एक सूचना हवी, कारण आपल्या हवामानात ती महत्त्वाची आहे. एअर पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरतात. २० अंशांना भरलेला तोच सिलिंडर मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात ठेवला, तर आतला दाब सुमारे २१७ बारपर्यंत जातो, आणि बंद गाडीत तर तापमान त्याहूनही जास्त होते. सिलिंडरवर छापलेली मुदतही पाळायची असते. ओ-रिंगला कुणी घरातले साधे तेल लावू नये, कारण दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकते. सिलिकॉन ग्रीसच वापरावे.

दहामीटर_नागपूर

सर्वांचे आभार. एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवतो. काका, नळीसोबत नमुना-कागद द्यायचा असेल, तर तो कोणत्या छऱ्याने (एअर बंदुकीच्या शिशाच्या गोळीने) झाडला हेही लिहावे लागेल. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलीमीटर असतो. छऱ्याच्या डोक्याचे माप ४.४९ की ४.५० मिलीमीटर, एवढ्या फरकानेही नमुना पसरू शकतो. म्हणूनच आमच्यातले जाणते नेमबाज नळी शिकंज्यात घट्ट धरून वेगवेगळ्या बॅचचे छरे तपासतात आणि जुळलेल्या बॅचचेच डबे घेतात. हे छरे बाहेरून येतात आणि एकदा बॅच संपली की पुन्हा तीच मिळेल याची खात्री नसते. म्हणून बंदुकीआधी मी चांगल्या छऱ्यांचा साचा बनवीन. शिसे ओढून, दाबून छरा घडवणारा तो साचा झिजला की डोक्याचे माप बदलते, त्यामुळे किती छऱ्यांनंतर साचा बदलायचा हे ठरवण्याचे काम आपल्यासारख्या तपासनिसाचे आहे. आपण ते कसे ठरवाल, हे वाचायला आवडेल.