अनुभव सांगा: पोरं रानात खेळतात, गोचिडींचं काय करता?

आम्ही साताऱ्यात, यवतेश्वरच्या बाजूला राहतो. पाऊस उघडला की पोरं संध्याकाळभर गवतात लोळत असतात. परवा धाकट्याच्या कानामागं तीळ दिसला, म्हटलं हा कधी उगवला, तर त्या तिळाला पाय! सासूबाई रॉकेलची बाटली घेऊन धावल्या, मी म्हटलं थांबा. तुम्ही काय करता?

—

शिराळ्याकडं आमचा गोठाय, त्यामुळं लहानपणापासून सवय. आजोबा उदबत्तीचा चटका द्यायचे, पण ते चुकीचं हो, चटका नायतर रॉकेल लावलं की गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, अगदी कातडीलगत तोंडापाशी धरा आणि हळू सरळ वर ओढा, पिळायचं नाही. मग साबणानं धुवा. आणि बोटानं चिरडू नका, आम्ही दगडानं फोडायचो, काय अक्कल होती देव जाणे.

—

मिरज. आमच्याकडं रान नाही न काही नाही, कुत्रा गादीवर झोपायचा. पुढचं समजून घ्या. आता त्याला दर महिन्याला डॉक्टरनं दिलेलं औषध असतं.

—

कराडहून लिहितेय. कोयनेकडं मावशीच्या गावाला जाऊन आलो आणि साधारण आठवड्यानं लेकीला ताप, आधी व्हायरल म्हणून गोळ्या झाल्या, उतरेचना, मग तळहातावर तळपायावर लाल पुरळ. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, रानात गेलावता का? गोचीडताप निघाला. डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत पोरगी डबा मागायला लागली. आम्हाला गोचीड दिसलीच नव्हती, म्हणून सांगते, पंधरा दिवसांत ताप आला तर रानात गेल्याचं आपणहून सांगा.

—

माकडताप पण गोचिडीनंच होतो ना? १९५७ ला शिमोग्याकडं सापडला, २०१६ ला आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला.

—

हो, पण प्रत्येक गोचिडीत रोग नसतो, लगेच घाबरू नका. ती उडत नाही की उडी मारत नाही, गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि कोण घासून गेलं की चिकटते. म्हणून फुल पँट, पायमोज्यात खोचलेली, पोरं हसली तरी.

—

सगळ्यांना थँक्यू. आता आल्या आल्या अंघोळ, कपडे थेट गरम पाण्यात. कानामागं, काखेत, जांघेत, गुडघ्यामागं, केसात बघायचं काम सासूबाईंनीच घेतलंय, चष्मा पुसून बॅटरी लावून. रॉकेलची बाटली मात्र फळीवरच आहे अजून.